टीव्हीवरचे तीन छोटे खेळ आणि आईची वही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोड्या दुरुस्तीसह)



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर, शिवचरित्रावर, गुडघेदुखीवर बोलणारे मोठमोठे वक्ते येऊन गेले. मी माझा विषय 'व्हिडिओ गेम' असा सांगितला तेव्हा आपले सचिव थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मुलांना त्यापासून लांब कसं ठेवायचं, असंच ना?" मी म्हणालो, "नाही साहेब. मुलांच्या शेजारी बसून काय खेळायचं, असं." त्यांनी तरीही वेळ दिला, याबद्दल त्यांचे आभार.

मी कोणी तज्ज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीला लागलो. रस्ते, मोऱ्या, अंदाजपत्रकं आणि बिलं यांत वीस-बावीस वर्षं गेली. ऑफिसात कागद कन्नडमधून लिहितो, घरात मराठी बोलतो, मुलाच्या शाळेची फी इंग्रजीसाठी भरतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हेच चित्र असणार. सीमाप्रश्नावर मी बोलणार नाही. सरकारी नोकर आहे, आणि त्यावर बोलणारी मोठी माणसं इथं बसली आहेत. मी घराच्या उंबऱ्याच्या आतलं बोलणार आहे.

माझं लहानपण निपाणीतलं. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. १९९० नंतरची गोष्ट. गल्लीतल्या एका काकांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि माडीवर तासाच्या हिशेबानं पोरांना खेळायला द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्यावर रांग लागायची. मारिओ आणि काँट्रा ही नावं आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, चेहरा खुलेल. खेळाची ती चौकोनी 'कॅसेट' चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि परत बसवायची. ही फुंकर कोणी शिकवली माहीत नाही, पण सगळ्या हिंदुस्थानातल्या पोरांना ती येत होती. वडिलांना कळलं त्या दिवशी मी मार खाल्ला. आज माझ्या मुलाला मी रागावतो तेव्हा तो जिना आठवतो आणि आवाज थोडा खाली येतो.

आता मुद्द्याचं. 'गेम' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो, म्हणून आधी त्या निवडून घेऊ.

पहिली गोष्ट, मोबाईलवर पैसे लावून खेळायचे खेळ. तो जुगारच. केंद्र सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून त्यावर बंदी आणली. तो आजचा विषय नाही. दुसरी गोष्ट, मोठ्या कंपन्यांचे खेळ. शेकडो माणसं, कोट्यवधींचा खर्च, जाहिराती. फुटबॉल, मोटारी, बंदुका. ते पोरांना आपण सांगायची गरजच नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे छोटे खेळ. इंग्रजीत त्यांना 'इंडी' म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. पाच-दहा माणसं, कधी एकटाच माणूस, स्वतःच्या मनातली गोष्ट घेऊन बसतो आणि खेळ तयार करतो.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या गणपतीपुढचा हलता देखावा आठवा. गल्लीतला एक चित्र काढतो, एक वायरमन मोटर बसवतो, एक सुतारकाम करतो, कॉलेजातली एखादी मुलगी निवेदन लिहिते, कुणाच्या तरी काकांचा भारदस्त आवाज रेकॉर्ड होतो. महिनाभर रात्री जागतात. चित्र, हालचाल, आवाज, गोष्ट, सगळं आलं. छोटा खेळ म्हणजे असा देखावा, फक्त बघणाऱ्याला त्यात शिरून पुढं जाता येतं. आणि देखाव्यासारखीच त्यातही कधी मोटर अडकते, कधी दिवा लागत नाही. तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

आमच्या घरी एक्सबॉक्स आला तो पुण्याच्या भाच्याकडून. त्यानं नवीन घेतला, जुना आमच्याकडे धाडला. टीव्हीला जोडायचा खोका आणि हातात धरायचा कंट्रोलर, बाकी काही नाही. सुरुवातीला मी विरोध केला. परीक्षेच्या महिन्यात कंट्रोलर ऑफिसच्या बॅगेत घालून नेत होतो. एकदा साइटवर टेप काढायला बॅग उघडली आणि कंत्राटदारासमोर कंट्रोलर बाहेर आला. तेव्हा ठरवलं, लपवण्यापेक्षा बसून बघू. त्यातून आम्ही बरेच छोटे खेळ खेळलो. त्यातले तीन आज सांगतो, गुण-दोषांसह.

पहिला खेळ, 'राजी'. पूर्ण नाव 'राजी : अॅन एन्शंट एपिक'. हा पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स नावाची छोटी कंपनी, संस्थापक तिघं : श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडं पैसे मागितले. म्हणजे वर्गणीच म्हणा. तिथला नियम आपल्यापेक्षा कडक : ठरलेला आकडा मुदतीत गाठला नाही तर देणाऱ्यांकडून काहीच घेतलं जात नाही. आकडा गाठला नाही. एक रुपया मिळाला नाही. आपल्या मंडळांना पावसात वर्गणी कमी पडते तेव्हा काय वाटतं ते इथं वेगळं सांगायला नको. तरी ते थांबले नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं.

गोष्ट अशी. राजी ही खेळ करणाऱ्यांच्या ताफ्यातली मुलगी, कसरती करणारी. तिचा धाकटा भाऊ गोलू असुरांनी पळवला आहे. ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडं बघत बोलत असतात आणि गोष्ट आपल्याला त्यांच्या बोलण्यातून कळत जाते. हातात त्रिशूळ, पुढं धनुष्य. राजस्थानी वाडे, जाळ्या, सज्जे, पाण्याची कुंडं. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आहेत आणि काही ठिकाणी चित्रांच्या गोल चकत्या फिरवून चित्र पूर्ण करायचं. तिथं आई चष्मा लावून पुढं सरकली. "ते वरचं उजवीकडं फिरव" असं ती सांगत होती आणि नातू ऐकत होता. एरवी ती जेवायला हाका मारते तेव्हा तो ऐकत नाही.

दोष सांगितले पाहिजेत. मारामारीत हात नीट वळत नाही, राजी कधीकधी आपण सांगितल्यावर थोड्या उशिरानं उडी मारते. बघण्याचा कोन ठरलेला आहे, त्यामुळं उडीचा अंदाज चुकतो आणि ती दरीत पडते. पाच-सहा तासांत खेळ संपतो आणि संपतो तोही एकदम, चहा अर्धा असताना कप उचलून न्यावा तसा. आमच्या चिरंजीवांनी कंट्रोलर खाली ठेवून विचारलं, "एवढंच?" तरीही घ्यावा असा खेळ. आम्ही खेळलो तेव्हा देव इंग्रजीत बोलत होते. पुढं २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तीत हिंदी आवाज आहेत. आईला दुर्गेचं बोलणं तेव्हा कळलं. ती म्हणाली, "आधी का नाही लावलंस असं?"

दुसरा खेळ लांबचा, अलास्काचा. 'नेव्हर अलोन'. त्याचं दुसरं नाव तिथल्या इनुपियाक भाषेत आहे : 'किसिमा इंगिचुना', अर्थ 'मी एकटी नाही'. २०१४ साली आला. आता हा मी का सांगतो ते ऐका. अँकरेजला तिथल्या मूळ रहिवाशांची कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल नावाची संस्था आहे, आपल्या मंडळासारखीच समाजाचं काम करणारी, फक्त मोठी. आपली पोरं भाषा, गोष्टी विसरत चालली ही त्यांची काळजी. त्यांनी सभा घेऊन ठराव करण्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. पोरं जिथं बसलेली असतात तिथंच जायचं, म्हणून एका गेम कंपनीशी भागीदारी केली आणि आपली गोष्ट खेळात घातली. जवळजवळ चाळीस जणांनी, त्यात म्हातारी माणसं आणि गोष्टी सांगणारे, मदत केली. मूळ गोष्ट रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड नावाचे कथेकरी सांगायचे. ते हयात नव्हते, म्हणून त्यांच्या मुलीला भेटून तिची परवानगी घेतली. ही पद्धत मला फार आवडली.

खेळात नुना नावाची मुलगी आणि एक पांढरा कोल्हा. गावावर बर्फाचं वादळ थांबत नाही, ते का थांबत नाही हे शोधायला दोघं निघतात. एक जण नुना, दुसरा कोल्हा, असं दोघांनी मिळून खेळता येतं. बाप-लेकानं खेळावा असा. गोष्ट सांगणारा आवाज सगळा इनुपियाक भाषेत आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. वाटेत घुबडं दिसतात, ती सापडली की तिथल्या वडीलधाऱ्यांच्या छोट्या चित्रफिती उघडतात : वारा काय सांगतो, बर्फावर कसं चालायचं, शिकार कशी वाटून घ्यायची. २०१५ मध्ये ब्रिटनच्या 'बाफ्टा' पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळाचा मान याला मिळाला.

दोष : एकट्यानं खेळलं तर कोल्हा स्वतःच्या अकलेनं चालतो आणि ऐन वेळी भलतीकडं उडी मारतो. तीन-चार तासांत संपतो. पण त्या न कळणाऱ्या भाषेत म्हातारा माणूस गोष्ट सांगत असतो तेव्हा आमच्या घरात टीव्हीचा आवाज कोणी कमी करत नव्हतं.

आणि तिसरा खेळ, ज्याच्यासाठी मी आज उभा आहे. 'वेंबा'. टोरांटोच्या विसाई गेम्स या छोट्या संस्थेचा, ३१ जुलै २०२३ रोजी आलेला. यालाही २०२४ मध्ये तोच, पदार्पणाच्या खेळाचा बाफ्टा मिळाला. वेंबा ही तमिळ बाई. १९८० च्या दशकाच्या शेवटी नवऱ्याबरोबर कॅनडात गेलेली. नवरा पावलन, पुढं मुलगा कविन. बंदूक नाही, शर्यत नाही. खेळ कसला, तर स्वयंपाकाचा. आईनं दिलेली पाककृतींची वही वेंबाजवळ आहे, पण ती फाटली आहे, डाग पडलेत, मधल्या ओळी गेल्या आहेत. काय गेलं असेल ते आपण डोकं लावून शोधायचं आणि पदार्थ करायचा. पहिलाच पदार्थ इडली. चुकलं तर कुणी मरत नाही, परत करायचं. मागं रेडिओवर त्या-त्या काळच्या वळणाची तमिळ गाणी.

इडलीपात्र पडद्यावर दिसल्याबरोबर आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ताटली फिरव रं. खालच्या इडलीला फुगायला जागा ठेव." नातवानं ताटली फिरवली. जमलं. मग ती उठलीच नाही. "ही बाई लेकाशी तिच्या भाषेत बोलत्या, आन् लेक इंग्रजीत उत्तर देतोय व्हय?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. मी टीव्हीकडं बघत राहिलो.

कारण गोष्ट तीच आहे. कविन मोठा होत जातो तशी आईची भाषा त्याला नकोशी होते, डब्यातला पदार्थ नकोसा होतो. कोणी दुष्ट नाही. आई-बाप पोराच्या भल्यासाठीच तिथं राहिलेत. पुढं एक वेळ अशी येते की ती वही मोठ्या झालेल्या कविनच्या हातात असते आणि त्याला ती नीट वाचता येत नाही. शेवट सांगत नाही, स्वतः खेळून बघा. एक-दीड तासाचा खेळ आहे. दोष विचाराल तर हाच, फार लवकर संपतो, आणि पदार्थ आणखी चार हवे होते. कोडी सोपी आहेत, सराईत पोरांना त्यात कस लागणार नाही. आणि इंग्रजी वाचता येत नसेल तर शेजारी बसून कुणीतरी सांगावं लागतं. आमच्याकडं ते काम नातवानं केलं. तो वाचायचा आणि आजीला मराठीत सांगायचा. हे मला खेळातलं सर्वांत चांगलं वाटलं, आणि ते खेळ करणाऱ्यांनी ठेवलेलं नव्हतं.

खेळ संपला त्या रात्री आईनं ट्रंकेतून तिची स्वतःची वही काढली. वही आहे हे मलाही माहीत नव्हतं. सातवी शिकलेली बाई, अक्षर ठसठशीत. पहिल्या पानावर वर्षाची चटणी. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, सगळ्याचं प्रमाण शेर, मापटं, चिपटं, कोळवं यांत. तिनं वही नातवाच्या हातात दिली. "वाच."

शाळेत तिसरी भाषा हिंदी असल्यामुळं त्याला देवनागरी अक्षरं येतात. मराठी तर तो जन्मापासून बोलतो. मला वाटलं, वाचेल. तो एकेक अक्षर लावत गेला आणि तिसऱ्या ओळीत थांबला. "पप्पा, चिपटं म्हणजे काय? चिप आहे का काही?" हसण्यासारखं होतं, पण आई हसली नाही. खेळातली वही फाटलेली होती. आमची वही धड होती, एकही पान गेलेलं नव्हतं. वाचणारा तयार केला नव्हता, आणि ते काम माझं होतं.

मी शाळेला दोष देत नाही, सरकारला देत नाही. खात्याची कन्नडची परीक्षा मी रात्री जागून पास झालो, कारण त्यावर नोकरी होती. कन्नड शिकलो त्याचं मला बरंच वाटतं. त्या भाषेनं पोट भरलं आणि चांगले मित्र दिले. पण तेवढ्याच रात्री मी मुलाला शेजारी घेऊन मराठी वाचायला बसलो असतो, तर मला कोणी अडवलं नसतं. आपल्याकडं तर कॅनडाइतकं लांबही जायला नको. निपाणीतून निघून चालत अर्जुननगरला देवचंद कॉलेजच्या फाटकात पोचलं की महाराष्ट्र लागतो. इतक्या जवळ असून घरातली वही परकी होते, ती सीमेमुळं होते असं म्हणणं मला आता जमत नाही.

पुढं काय झालं, ते खरं तेच सांगतो. पोरगं एका रात्रीत बदललं नाही. आजही त्याचा जास्त वेळ फुटबॉलच्या खेळात जातो. पण गेल्या उन्हाळ्यात चटणीच्या वेळी तो आजीजवळ बसला. एक चिपटं म्हणजे पाव शेर, दोन चिपट्यांचं एक मापटं, चिपट्याचं निम्मं कोळवं, हे त्यानं लिहून घेतलं आणि मोबाईलवर त्याचा तक्ता केला. वहीची अकरा पानं वाचून झाली आहेत. अजून बरीच आहेत. आईचं वय बहात्तर आहे, त्यामुळं मला घाई आहे आणि त्याला नाही.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात. वडीलधाऱ्यांना विनंती, नातवाच्या हातात कंट्रोलर दिसला की लगेच उठून जाऊ नका. शेजारी खुर्ची ओढा आणि "हे काय आहे?" एवढं विचारा. पालकांना विनंती, वाढदिवसाला एक मोठा खेळ घेता, त्याच पैशात असे दोन-तीन छोटे खेळ येऊ शकतात. वर्षातून एखादा घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळा, पूर्वी आपण हौशी नाटकाला सगळे मिळून जायचो तसा.

आणि शेवटच्या ओळीतल्या तरुणांनो, तुमच्यातले काही जण पॉलिटेक्निकला आहेत, काही इंजिनीअरिंगला. दरवर्षी तुम्ही या मंडपात हलता देखावा उभा करता. चित्र, मोटर, आवाज, गोष्ट, सगळी माणसं इथंच बसली आहेत. पुण्यातल्या तिघांनी वर्गणी न जमताही केलं, अलास्कातल्या म्हाताऱ्यांनी आपल्या भाषेत केलं. तुम्हीही एक छोटा खेळ करा, अर्ध्या तासाचा का असेना. त्यात निपाणीची वखार असू दे, बेळगावचा पाऊस असू दे, तुमच्या आजीचं बोलणं असू दे, कन्नड बोलणारा शेजारीही असू दे. मोटर अडकली तरी चालेल. पहिल्या दिवशी खेळायला मी येतो, आणि आईला घेऊन येतो. चकत्या कुठं फिरवायच्या ते ती सांगेल.



गणपती बाप्पा मोरया!